बारा पॉइंट दोन

आमच्या आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, झोपेत श्वास थांबतो हे आम्हाला फार उशिरा कळलं. घोरणं घरात पिढीजात असल्यामुळे कुणी मनावर घेतलं नव्हतं. बारामतीच्या डॉक्टरांनी त्यांना एक रात्र दवाखान्यात झोपवून अंगाला तारा लावल्या आणि सकाळी सांगितलं की हा माणूस रात्रीतून कितीतरी वेळा श्वास घ्यायचं विसरतो, त्याचा ताण हृदयावर आलाय, आता मशीनशिवाय एकही रात्र काढायची नाही. मशीन म्हणजे उशाशी ठेवायची छोटी पेटी, तिला एक नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मुखवटा. आबा तिला सोंड म्हणतात. जेवण झालं, पान खाऊन झालं, की "चला, सोंड लावतो" म्हणून उठतात. या सोंडेला रात्रभर वीज लागते.

वीज हा माझा विषय. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवतो. बावीस वर्षं तेच शिकवतोय, त्यामुळे माझं बोलणं घरातसुद्धा फळ्यापुढे उभं राहिल्यासारखं असतं, असं बायको म्हणते. ती खोटं बोलत नाही.

आमचं मूळ घर अंथुर्ण्याचं. पूर्वी आमची मेंढरं होती. गुडघे बोलायला लागले तेव्हा आबांनी आपल्या वाट्याची मेंढरं विकली आणि रानात ऊस लावला. ऊस चांगला आला, पण त्यांचं मन त्यात कधी रमलं नाही. बांधावर उभे राहून ते उसाकडे असे बघायचे, जसा पाहुण्यांच्या घरी गेलेला माणूस निघायची वाट बघतो. "ऊस काय चालतो का?" असं एकदा म्हणाले होते. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, यांनी मात्र मेंढरं ठेवली. दिवाळी झाली की तात्यांचा वाडा, म्हणजे मेंढरं आणि माणसं मिळून सगळा बाडबिस्तरा, अंथुर्ण्यातून उठतो, पिंपळी, पणदरे करत पश्चिमेला सरकतो आणि घाट उतरून कोकणात जातो. पावसाच्या आधी परत येतो.

यंदा तात्यांनी सांगून टाकलं, की ही खेप शेवटची. मुलांना मेंढरं नकोत. परत आलं की विकणार. चार दिवसांनी आबा उसाला पाणी देता देता म्हणाले, "ह्या खेपंला म्या बी जातो."

मी म्हणालो, "आबा, सोंडेचं काय?"

"तिला बी न्हिऊ की. तिला कोकण कुठं म्हाईत हाय?"

मला त्यांना पाठवायचं नव्हतं. नाही म्हणायचंही नव्हतं. शेवटची खेप आहे म्हटल्यावर नाही म्हणायला जीभ रेटेना. म्हणून मी मध्ये बॅटरीचा मीटर घातला. मीटर नाही म्हणाला, तर मी वाईट ठरणार नव्हतो.

एका शाळेची जुनी पिवळी व्हॅन भंगारात निघाली होती, ती घेतली. आतली बाकडी काढून पलंग बसवला, पलंगाखाली लोखंडी ट्रे करून त्यात दोन बॅटऱ्या ठेवल्या, टपावर सौर पॅनेल टाकलं, इन्व्हर्टर जोडला, आणि बॅटरीचा वायू बाहेर जावा म्हणून तळाशी भोक पाडून पाइप काढला. बॅटऱ्या घरच्याच होत्या, चार वर्षं वापरलेल्या. विद्यार्थ्यांना मी सांगतो की ज्या कामावर माणसाचा जीव अवलंबून आहे तिथे जुना माल वापरू नये. घरच्या बॅटऱ्या मात्र मला चांगल्या वाटल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

गाडी तयार झाली तेव्हा आख्खं गाव बघून गेलं. एका म्हातारीने आत डोकावून विचारलं, "आन् चूल कुठं मांडायची?" बॅटरीजवळ विस्तव नको, हे मी तिला समजावलं. मग चूल न्हाय ते घर कसलं, असं म्हणून ती गेली. तात्यांचा थोरला मुलगा आयुष्यभर ट्रॅक्टर चालवणारा, तो गाडी हाकणार होता. मेंढरं दिवसभरात चालून चालून किती चालणार, तेवढंच गाडीनेही सरकायचं.

मी आबांसाठी एक तक्ता छापून, प्लास्टिकमध्ये घालून पलंगाशेजारी लावला. त्यावर नऊ नियम होते. शेवटचा नियम मोठ्या अक्षरात होता. बॅटरी पूर्ण भरलेली असली की मीटर बारा पॉइंट सात व्होल्ट दाखवतो, निम्मी उतरली की बारा पॉइंट दोन. त्याच्या खाली रोज जायला लागली, की ती फार दिवसांची सोबती नाही. तेव्हा रोज सकाळी सोंड बंद केल्यावर अर्ध्या तासाने आकडा बघायचा. पणदऱ्यापर्यंत रोज सकाळी मी स्वतः मोटरसायकलवर येऊन बघणार. आकडा बारा पॉइंट दोनच्या वर राहिला, तर पुढे कोकण. खाली गेला, तर पणदऱ्याहून गाडी मागे. कोकणातल्या रानात मी मोटरसायकल घेऊन पोचणार नव्हतो.

"मंजूर हाय का?" मी विचारलं.

"मंजूर," आबा म्हणाले. मग तक्त्याकडे बघत, "येवढं ल्याहायची काय गरज होती? जनावर हाय ते, तोंड बघून कळतंय."

पहिल्या सकाळी बारा पॉइंट चार आला. दुसऱ्या सकाळी तीन. आबा खुशीत होते. अंगावर घोंगडी, हातात काठी, गुडघे बांधलेले, पण बसून हाका मारण्यात त्यांचा सगळा दिवस जात होता. कुठली मेंढी कुणाची लेक हे ते तात्यांना सांगायचे आणि तात्या "व्हय, व्हय" करत ऐकून घ्यायचे. तात्यांना ते माहीत नव्हतं असं थोडंच होतं. चौथ्या सकाळी मीटर बारा पॉइंट दोनवर होता. त्यानंतरच्या सकाळी, पिंपळीत, बारावर आला.

मी पॅनेल पुसलं, जोडण्या तपासल्या, ऊन कसं होतं ते विचारलं. सगळं ठीक होतं. मग सहज पलंगामागे ठेवलेला बॅटरीच्या पाण्याचा कॅन उचलला. तो पाच लिटरचा कॅन मी वर्षभरासाठी म्हणून दिला होता. तो रिकामा होता. त्याच्या शेजारी दुसरा एक कॅन उभा होता, तोही निम्मा.

"आबा, हे पाणी कुठं गेलं?"

"कुठं गेलं म्हंजी? तिला पाजलं."

बॅटरीच्या टोपणांवर पाण्याची पातळी दाखवणारी काडी असते. रात्रभर बॅटरी उतरली की पातळी थोडी खाली जाते, ती काडीही खाली बसते. दिवसा चार्ज झाली की पाणी आपोआप वर येतं. हे माझ्या तक्त्यावर नव्हतं. आबांना रोज सकाळी काडी खाली बसलेली दिसायची. रात्रभर राबलेलं जनावर सकाळी तहानलेलं आहे, एवढाच त्याचा त्यांनी अर्थ लावला. आणि तहानलेल्या जनावराला मोजून मापून पाणी देणं आमच्या घराण्यात कधी झालं नाही. त्यांनी रोज सकाळी सगळी टोपणं काढून काठोकाठ पाणी घातलं होतं. मग ऊन चढलं, बॅटरी चार्ज व्हायला लागली, की तेच पाणी फुगून टोपणांतून बाहेर यायचं. नुसतं पाणी नाही, आतलं ॲसिड घेऊन यायचं. मी पलंग उचलला. ट्रेचा रंग सोलून निघाला होता आणि तळाला पिवळट गाळ साचला होता. दुसरा कॅन आबांनी गाडी हाकणाऱ्या माझ्या चुलतभावाला बारामतीच्या गॅरेजात पाठवून आणवला होता. मुक्या जिवाचं पाणी संपलंय म्हणून.

मी ओरडलो. रानात उभं राहून सत्तरी ओलांडलेल्या बापावर ओरडलो. नऊ नियम लिहिले ते कशासाठी, पालथ्या घड्यावर पाणी, आता ॲसिड गेलं म्हणजे ताकद गेली, ती पाणी घालून परत येत नसते, असं सगळं बोललो. मेंढरं थोडी मागे सरकली. आबा शांतपणे धोतराचा सोगा हातात धरून मला दाखवत होते. त्याला चाळणीसारखी भोकं पडली होती.

"हे त्यानंच झालं व्हय? म्या म्हणलं उंदीर लागलं." मग खांद्यावरची घोंगडी पुढे करून म्हणाले, "हिच्यावर बी सांडलं हुतं. हिला बघ, काय झालं न्हाय."

ते खरं होतं. ॲसिड सुती कापड खातं, लोकरीला सहसा काही करत नाही. हे मी वर्गात शिकवतो, पण डोळ्यांनी तेव्हा पाहिलं. आबांना मेंढीचा फार अभिमान वाटला. माझा राग तिथल्या तिथे निम्मा झाला, याचाही मला राग आला.

मी खाण्याच्या सोड्याने ट्रे धुतला. पिचकारीने जास्तीचं पाणी ओढून काढलं. मग आबांना जवळ बसवून म्हणालो, "नीट ऐका. आधी ती चार्ज होऊ द्यायची. दिवसभर ऊन खाऊ द्यायचं. आन् पाणी म्हयन्यातनं एकदा, तेबी चार्ज झाल्यावरच, खुणेपर्यंतच."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बावीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याने पाहिलं नव्हतं. "म्हंजी आधी चरणं, मग पाणी."

"व्हय."

"मग आसं सांगायचं की! उपाशी मेंढराला पाणी पाजलं तर फुगतंय, हे मला म्हाईत न्हाय का? नऊ नऊ नियम लिवतोय."

निघताना मी त्यांना सांगितलं, की आता या बॅटऱ्यांचा भरवसा नाही. पणदऱ्याला अजून तीन सकाळी आहेत. आकडा आजच्यासारखा आला, तर मागे फिरायचं. तात्या काठीने माती उकरत होते.

दुसऱ्या सकाळी आकडा बारा पॉइंट पाच आला. मी मीटर दोनदा लावून पाहिला. त्यापुढच्या सकाळी सहा. मला फार आनंद झाला. सोडा, पिचकारी आणि एक वाक्य, बस. त्या दिवशी वर्गात मी ही गोष्ट सांगितली. बॅटरीची देखभाल म्हणजे काय, योग्य वेळी लक्ष घातलं तर मेलेली बॅटरीसुद्धा कशी उठते, आणि अडाणी माणसाला त्याच्या भाषेत कसं समजवावं. मुलांनी लिहूनही घेतलं. ॲसिड सांडून गेलेली बॅटरी उठत नसते, हे दोनच दिवसांपूर्वी मी स्वतः रानात उभं राहून ओरडून सांगितलं होतं. ते मला तेव्हा आठवलं नाही. आकडा माझ्या बाजूने बोलत होता, आणि आपल्या बाजूने बोलणाऱ्याची उलटतपासणी कोण करतो.

पणदऱ्याच्या सकाळी वाडा एका तोडलेल्या उसाच्या रानात उतरला होता. मेंढरं पाचटात तोंड घालून उभी होती. आकडा बारा पॉइंट सहा. मी आबांना म्हणालो, "जावा कोकणात." त्यांनी मान डोलावली. माझी अपेक्षा होती की ते हसतील. त्यांचे डोळे लाल होते आणि चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. गार वारं लागलं असेल, असं मला वाटलं.

निघण्याआधी सोंडेची हवा गाळणारी जाळी बदलून द्यावी, म्हणून मी पेटी हातात घेतली. तिच्या छोट्या पडद्यावर कुठल्या रात्री किती तास वापर झाला ते दिसतं. ते मी कधीच बघितलं नव्हतं. मी रोज येऊन बॅटरीचा आकडा बघत होतो. पडद्यावर पहिल्या रात्री सात तास होते, दुसऱ्या रात्री सात, मग साडेसहा, मग सात, मग पुन्हा सात. त्याच्यापुढे शून्य. शून्य. शून्य.



"आबा, तीन राती सोंड लावली न्हाय तुमी?"

"न्हाय."

"का?"

"तिच्यात ताकद न्हाय म्हणलास ना तू. म्या सोंड लावली आसती, तर तिनं सकाळी मान टाकली आसती. मग तू गाडी मागं फिरवली आसतीस." हे सगळं त्यांनी साध्या हिशेबी आवाजात सांगितलं. "तीन रातींचा तर सवाल हुता."

मी तात्यांकडे वळलो. भीती वाटली की माणूस आधी दुसऱ्या कुणावर तरी तुटून पडतो. मी म्हणालो, "तात्या, तुमाला म्हाईत हुतं?"

"हुतं."

"आन् तुमी गप बसला? झोपेत काय झालं आसतं म्हंजी?"

"झोपंत काय व्हायला म्या झोपलो कुठं हुतो?" तात्या म्हणाले. "लांडगा हाय ह्या रानात. राखण करायचीच आसती. मेंढरं कोंडतो त्या वाघरीच्या जाळीपाशी बसायचो ते गाडीच्या दारात बसलो. दादाचं घोरणं चालू हाय तवर ठीक. घोरणं थांबलं की काठीनं ढोसायचं. शिव्या द्यायचा, कुशीवर व्हायचा, पुन्ना घोरायचा."

"तिन्ही राती?"

"मग? मेंढरू बी आजारी आसलं तर बसतोच की."

आबा म्हणाले, "लई जोरात ढोसतो ह्यो." आणि सदरा वर करून बरगडी दाखवली. खरंच तिथे काळंनिळं झालं होतं.

मला आधी राग आला, मग रडू आलं, मग लाज वाटली, आणि लाज जास्त वेळ टिकली. नाही म्हणायची हिंमत नव्हती म्हणून मी बापासमोर एक आकडा उभा केला होता. त्यांनी तो आकडा आणून दिला. काय मोडून आणला, ते मी विचारलं नव्हतं. वर त्यांना अडाणी म्हणून वर्गात त्यांची गोष्ट सांगून आलो होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवे लावायला शिकवणाऱ्याच्या घरातला.

बायकोला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांना परत आणा, किंवा नव्या बॅटऱ्या घालून पाठवा. मधलं काही करू नका." मधलं काहीतरी करण्यातच माझा जन्म गेला आहे, हे तिला माहीत आहे.

त्याच दिवशी मी बारामतीहून दोन कोऱ्या बॅटऱ्या आणल्या. जुन्या काढल्या, नव्या बसवल्या. वाडा माझ्यासाठी एक दिवस पणदऱ्यात थांबला. तक्ता काढून टाकला. आबा शेजारी उकिडवे बसून प्रत्येक नट आवळताना बघत होते.

"आता मीटर किती पायजे?" त्यांनी विचारलं.

"मीटर किती बी येऊ द्या. सोंड रोज लावायची. पुरी रात."

"आन् मीटर खाली गेला तर?"

"तर मला फोन करायचा. म्या येतो. कुठं बी आसा, येतो."

"कोकणात तुझी मोटरसायकल येत न्हाय म्हणला हुतास."

"यष्टीनं येतो. चालत येतो." मी फार जोरात बोललो असणार, कारण तात्या हसले.

दुसऱ्या दिवशी वाडा पश्चिमेला गेला. पुढे मेंढरं, मागे कुत्री, सगळ्यात मागे ती पिवळी व्हॅन. आबांनी मागे वळून पाहिलं नाही. आमच्यात तसं बघत नाहीत.

तेव्हापासून रोज सकाळी मी कामावर निघायच्या आधी तात्यांचा फोन येतो. ते दोन आकडे सांगतात, आधी मीटरचा, मग सोंडेच्या तासांचा. मी दोन्ही ऐकतो, पण कान दुसऱ्याकडे असतो. बहुतेक दिवशी आकडे बरे असतात. एकदा तिकडे सलग ढगाळ हवा होती आणि फोन उशिरा आला. तात्यांचा आवाज दबकलेला होता.

"बारा पाइंट एक," ते म्हणाले. "कमी हाय व्हय रं?"

"सोंड किती?"

पेटीच्या पडद्यापाशी डोळे नेऊन ते वाचत असणार. बराच वेळ लागला. "सात तास चाळीस मिंटं."

"मग चांगलं हाय, तात्या," मी म्हणालो. "लई चांगलं हाय."

मागून आबांचा आवाज ऐकू आला, ताजा, रात्रभर झोपलेल्या माणसाचा. "मास्तरला म्हणावं, आज म्हयन्याचं पाणी हाय तिचं. पर आदी चरू दे. ऊन पडलं की दुपारनं पाजतो."